तुमचे मराठीचे तास

बाई, तुमच्यामुळे मला लग्नात गरम जिलबी मिळत नाही. ही तक्रार तुमच्यापर्यंत पोचायची नाही हे ठाऊक असूनही अखेर लेखी करते आहे. पंगतीत बसले रे बसले की कुणीतरी लेकरू पुढं ढकलतं, "मॅडम, ह्याला गणित जमंना, शिकवणीला घ्या ना." मी हो-नाही करेपर्यंत वाढपी पुढच्या ओळीत. शेजारी इतिहासाचे सर निवांत मठ्ठा पीत असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

सुरुवात झाली डोंगरकड्याला, आमच्या स्वयंपाकघरात. माझी दहावी नुकती झालीय, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून माझ्या वडलांशी भांडताय. "पोरीला गणित काहून पायजे? डीएड करंल, गपचूप नांदंल." तुम्ही म्हणालात, "भाऊ, मी मराठीची बाई. गणिताला माणूस मिळंना म्हणून रोज घरी वाचून वर्गात शिकवून राहिले. हिला बीएस्सी करू द्या, नोकरी हिला हुडकत येईल."
"न्हाई आली तर?"
"तर माझ्या घरी आणून सोडा. पण आली, तर गणित हिनं घ्यायचं आणि माझे मराठीचे तास मला सोडवून द्यायचे."
तव्यावरची भाकरी उलटत आई म्हणाली, "बाई, इचार करा. पोरगी लई खाती." वडील हसले, आणि माझं ठरलं.

पुढं शिकून पुसेगावच्या शाळेत मुलाखतीला गेले. व्हरांड्यात मराठी-इतिहासवाल्यांची जत्रा, गणिताच्या बाकावर मी एकटी. घोकून नेलेला पाठ कुणी ऐकलाच नाही, संस्थेच्या अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "गावात खोली बघून देऊ का?" बाहेर येऊन पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ नुसतीच हसत राहिले. वडलांना मला कुठं नेऊन सोडावं लागणार नव्हतं. तुम्हाला मात्र ते कळलं नाही. आदल्याच साली गेलात, शेवटपर्यंत गणित शिकवत.

यंदा आमच्या शाळेत मराठीच्या नव्या बाई आल्या. हेडमास्तरांनी त्यांच्या गळ्यात पाचवीचं गणित अडकवलं. वेळापत्रकासमोर त्या उभ्या होत्या, चेहरा थेट तुमचा. मी म्हटलं, "सर, ते तास मला द्या. त्यांना कविता शिकवू द्या."
"मॅडम, तकलीफ होईल तुम्हाला."
"होऊ द्या."

आज भिंतीपलीकडे नव्या बाई पोरांकडून कविता म्हणवून घेत होत्या. कुणाला सांगू नका बाई, पण फळ्यावरचं माझं सोपं उदाहरण दोनदा चुकलं.