कार्डावरची काळी अंडी

सेनगाव, डिसेंबर, सोमवार संध्याकाळ

प्रयोगशाळेतून आणलेल्या कार्डावर चिकटवलेली अंडी आजही काळीच. काळी म्हणजे आत मित्रमाशी, किडीच्या अंड्यांत आपलं अंडं घालून ती मारणारी इवली गांधीलमाशी, वाढते आहे, पण बाहेर एकही येत नाही. थंडी आणि आखूड दिवस मिळून तिला आतच झोपवतात, एवढं कॉलेजात शिकले होते. झोपली आहे की मेली? इकडे गावातल्या शेतकरी रुक्मिणीच्या तुरीवर पतंगांनी अंडी घातली. माशीने ती वेळेत गाठली नाहीत, तर अळ्या शेंगा खाणार. फवारू नकोस, असं तिला मीच बजावलं होतं.

"बाई, काहून निघून न्हाई राहिल्या? कोंबडीखाली ठेवा मंग!"

झापलं मी तिला.

आता तेच कार्ड शालीआड पोटाशी धरून बसले आहे. पुन्हा पाहिलं. काळीच. ऊब देईन, पण दिवस कसा लांबवू?