सुभेदाराच्या घासावरचं तूप

पावस, गुरुवार, १६ ऑक्टोबर २००३

ती. सौ. हेमामावशीला सावनीचा नमस्कार. (साष्टांग घातलाय असं समज. सुभेदार माझ्या पायावर डोकं ठेवून निजलाय, उठता येत नाही.) देवरूखला काकांचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे बरे, सुभेदार सोडून.

मे महिन्यात तो पोटात कळ येऊन वाकडा झाला, तेव्हा गुरांचे डॉक्टर म्हणाले, या कुत्र्याचं स्वादुपिंड सुजतं, तेलतूप बंद, नाहीतर एखाद्या वेळी हा वाचायचा नाही. तेव्हापासून मी त्याला मऊ भात, दुधी आणि कातडी काढून उकडलेली कोंबडी घालते, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. खोबरंसुद्धा नाही. (कोकणात जन्माला येऊन.) शाळा सोडल्यापासून एवढं मन लावून मी काही केलं नव्हतं. आणि हा ताटली चाटून झाली की वळूनही न बघता कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून शेजारच्या येसूबाईंच्या पायरीवर.

येसूबाई जेवायला बसायच्या आधी कुत्र्याचा घास बाहेर ठेवतात, चाळीस वर्षांचा नेम. भातावर वरण, वरणावर तूप, तेही बोट बुडेल एवढं. बिनतुपाचा घास त्या परक्या कुत्र्यालाही घालणार नाहीत. त्यांचं पुण्य वाढतं आणि सुभेदाराचं पोट बिघडतं. मला बघून तो शेपूट दोनदा हलवतो, तिथे मागचा अख्खा कुत्रा हलतो. मी गडग्याआडून बघते.

सोमवारी परत ओकायला लागला. दोन दिवस पाणी ठरेना. मी रात्रंदिवस जवळ बसले. काल म्हटलं, आता सांगायचंच. तोंडाने जमणार नाही म्हणून चिठ्ठी लिहून नेली. तर त्या म्हणाल्या, "चष्मा खंय ठेवलाय कळत नाय गो, तूच वाच." मी चिठ्ठी उघडली आणि आईला केळीची पानं हवीत असं वाचलं. सात पानं दिली त्यांनी. वर म्हणाल्या, "तुझा सुभेदार दोन दिवस आला नाय, माझ्या घशाखाली घास उतरत नाय." मी पानं घेऊन घरी आले आणि रडले, रागानेच.

आज तो उठला, माझ्या हातचा भात खाल्ला आणि लगेच गडग्याकडे बघत बसला.

काकांना नमस्कार. सवड झाली तरच उत्तर लिही, घाई नाही.

तुझी,
सावनी

ता. क. उत्तर लिहू नको, रविवारच्या एसटीने तूच ये. येसूबाई तुझं ऐकतात. तूप नको एवढंच सांग. घास बंद करा म्हणू नको, म्हातारी उपाशी राहील.

आणखी एक. तूप बंद झाल्यावरही तो तिकडेच गेला, तर मला सांगू नको. मी तेव्हा घरात असेन, गडग्याआड नाही.