हुंडीवरची आठवी सही

४ मार्च, सकाळी ११
आजपासून रोज नोंद. संग्राहकाची रोजनिशी पुढे अभ्यासकांना लागते.
जुन्या नोटांचे तीन अल्बम भरले. आज एकदम मोठी झेप. दीडशे वर्षांची हुंडी घेतली. हुंडी म्हणजे त्या काळचा चेकच. ज्याच्या हाती येई, तो मागे सही करून पुढच्याला देई. या कागदामागे सात सह्या! दुकानदार म्हणाला, अशी दुसरी सापडायची नाही. पैसे रोख मोजले. वरच्या टाकीमुळे गळणाऱ्या स्वयंपाकघराच्या छतासाठी ठेवलेले होते, पण ते असो.

५ मार्च
बायकोला सांगितलं. तिने गळतीखाली बादली सरकवली. महिन्याभरात तिप्पट करून देतो, असा शब्द दिला. ती म्हणाली, तोवर कागदाला हात लावू नका. हे मला सांगावं लागतं?

९ मार्च
हात लावलेला नाही. नुसतं भिंगातून पाहिलं. चारदा.

१४ मार्च
डोक्यातून जात नाही. सात मालकांनी सह्या केल्या, आठवा मी. मी नाही केली तर परंपरा माझ्यापाशी तुटते. अभ्यासकांना काय तोंड दाखवू?

१५ मार्च
जुन्या वहीत सराव. लांब शेपटीची, भारदस्त सही बसवली. ऑफिसच्या हजेरीपटावरही तीच ठोकली. हेडक्लार्कने विचारलं, हा कोण नवा माणूस. अरसिक.

१६ मार्च, दुपारी ३
केली. बॉलपेनने. शाईचं पेन गळतं, उगाच धोका नको.

२ एप्रिल
लिलाववाल्या बाईंकडे दोघं गेलो. सातव्या सहीपर्यंत बाईंचा चेहरा खुलत गेला. आठवीपाशी त्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, काल-परवाची ही सही नसती तर चौपट आले असते. आता फार तर चहापाण्यापुरते. मी म्हणालो, बाजाराला अजून दृष्टी नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती.

३ एप्रिल
चुकलंच माझं. हे फक्त इथे लिहितो. दिवसभर बादलीत थेंब पडत होते. लाज वाटली.

५ एप्रिल
बायकोने आपणहून विचारलं, सही केली की कागद पुढच्याचा होतो ना? फार बरं वाटलं. अखेर तिला विषयाची गोडी लागली. अर्धा तास समजावून सांगितलं. मग तिने तिन्ही अल्बम आणि एक पत्र समोर ठेवलं. अल्बम लिलावात विकायची संमती. मी पेन उचललं. ती म्हणाली, शेपटी नको, साधी करा.
छतवाला सोमवारी येतोय. हुंडी मात्र तिने मला परत दिली. म्हणाली, ही ठेवा, तुमची सही आहे तिच्यावर.