बिघाड नसलेल्या थ्री-नॉट-थ्री बंदुकीबाबत

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
विभागीय कार्यालय, उत्तर किनारा.

विषय : जप्त बंदूक नष्ट न करता परत मिळणेबाबत, तसेच नोंदीतील एक शब्द बदलणेबाबत.

संदर्भ :
१) पडवीतला वॉलरसच्या दाताचा खुंटा.
२) उणे चौतीस.
३) आपले फेरतपासणीचे पत्र, दि. ५ मार्च.
४) उजवा हातमोजा, शाबूत.
५) दहापैकी दहा.

महोदय,

अर्जदार ओलुटी कियुगाक, वय ५४, राहणार घर क्र. ४१२, हिचे नम्र म्हणणे येणेप्रमाणे :

१. सदर बंदूक १९४३ सालची असून अर्जदाराच्या वडिलांना किनारा टेहळणीच्या स्वयंसेवक दलात मिळाली होती. त्यांच्यामागे ती अर्जदाराचा धाकटा भाऊ जमासी याच्याकडे आली. वडील हयात असतानाच दलात नव्या बंदुका आल्या, तेव्हा जुन्या ज्याच्या त्याला कायमच्या देण्यात आल्या होत्या. ते पत्र सोबत आहे.

२. आपल्या नोंदवहीत "आयुर्मान संपल्यामुळे यांत्रिक बिघाड" असे कारण लिहिले आहे. ते अर्जदारास मान्य नाही. ही बंदूक जाड हातमोजा न काढता चालवता येते. तिचे भाग सैल बसवलेले असल्यामुळे थंडीत आखडत नाहीत. दस्ता लाकडाचा आहे, त्यामुळे नेम धरताना गाल चिकटत नाही. नेमाला काच नाही, म्हणून धुके धरत नाही. एकदा वडील समुद्राच्या बर्फातल्या फटीत पडले तेव्हा ती आडवी टाकून, तिला धरून ते वर आले, आणि त्याच दुपारी तिनेच सील मारला. नवीन बंदुकीने असे काही केल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

३. हिवाळ्यात आमच्याकडे बंदूक घरात आणत नाहीत. ती बिनउबेच्या पडवीत खुंट्याला टांगलेली असते. उबेत आणली की आत दमटपणा धरतो, आणि पुन्हा थंडीत नेली की त्याचा बर्फ होतो. चुकून आत आणलीच, तर बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, काढून, पुसून, एक रात्र पडवीत टांगल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. हे वस्तीत कोणी कोणाला शिकवत नाही. सगळ्यांना माहीत असते.

४. दि. ३ मार्च रोजी आपले निरीक्षक घरी आले. ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी सुकवलेला मासाही आवडीने खाल्ला. पण पडवीत बंदूक पाहून म्हणाले, "बाई, बंदूक अशी दारात? नियम आहे, आत कपाटात कुलपात पाहिजे." त्यांनी बरोबर आणलेले लोखंडी कपाट स्वतःच्या हाताने भिंतीला ठोकून दिले. घरात मोकळी भिंत एकच आहे, शेगडीजवळची. जमासी बघत उभा होता. म्हणाला, "ताई, आता हिला गादी-उशी पण दे. आणि सकाळी हळू उठव, दचकेल." निरीक्षक हसले. अर्जदारही हसली.

५. दोन दिवसांनी आपले पत्र आले की ९ ते १३ मार्च दरम्यान कधीही फेरतपासणी होईल आणि बंदूक कपाटाबाहेर आढळल्यास जप्त केली जाईल. सबब बंदूक कपाटातच राहिली.

६. गुरुवार, दि. १२ मार्च रोजी सकाळी, तापमान उणे चौतीस असताना, जमासी ती कपाटातून थेट घेऊन चुलतभाऊ लुकासी याच्यासोबत बर्फावर सील मारण्यास गेला. सीलच्या श्वासाच्या भोकाशी बसला असता मागून पांढरे अस्वल आले. लुकासी स्नोमोबाइलपाशी, दोनशे पावलांवर होता. तो सांगतो, "तीनदा नुसतं टक झालं. चौथ्यांदा टकसुद्धा नाही." लुकासीने गाडी अंगावर घातली तेव्हा अस्वल हटले. तोवर उशीर झाला होता.

७. त्यानंतर बंदूक जप्त करून आपण केलेल्या तपासणीच्या अहवालात "बोल्टच्या मुठीवर चिकट डाग" अशी नोंद आहे. तो डाग नसून जमासीच्या तळहाताची कातडी आहे. हाताच्या उबेने आतला बर्फ सुटतो का, हे पाहण्यासाठी त्याने हातमोजा काढला होता. हातमोजा बाजूला नीट ठेवलेला सापडला. डाग पुसला गेला असल्यास अर्जदाराची हरकत नाही.

८. त्याच अहवालाच्या पान ३ वर, आपल्या कार्यालयात घेतलेल्या चाचणीत दहापैकी दहा गोळ्या सुटल्याचे लिहिले आहे. बिघडलेल्या बंदुकीतून दहा गोळ्या कशा सुटल्या, याचा खुलासा त्यात नाही.

सबब विनंती की,
(अ) "बिघाड" हा शब्द खोडून तेथे "बर्फ" असा लिहावा.
(आ) बंदूक परत द्यावी. घरात दुसरी नाही. समुद्र मोकळा होईपर्यंत दारातल्या मांसाच्या वासाने अस्वले येतात, आणि आता शिकारीला अर्जदारच जाते.
(इ) निर्णय होईपर्यंत बंदूक आपल्या कार्यालयात बिनउबेच्या खोलीत ठेवावी. तशी खोली नसल्यास खिडकीबाहेर टांगली तरी चालेल.

आपली नम्र, व बंदुकीची वाट पाहणारी,

ओलुटी कियुगाक
दि. १९ मे

सोबत :
१) वडिलांच्या नावचे दलाचे पत्र.
२) लुकासीचा जबाब, एक पान.
३) उजवा हातमोजा. पाहून परत करावा.
४) कपाटाची चावी. बंदूक रात्रभर पडवीत टांगण्यासाठी जमासीने ही बुधवारी संध्याकाळी मागितली होती. अर्जदाराने दिली नाही.