अकरानंतरचं विमान

१२ ऑक्टोबर

चि. सौ. इर्मगार्ड हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लेकीचं बाळंतपण करायला तेनेरिफे बेटावर जाऊन बसलीस आणि गावची जत्रा चुकवलीस. यंदा पोरांनी शिडीवर चढून वर्षभराची उणीदुणी वाचली, त्यात पहिला मान तुझ्या डेटलेफचा. गावाशेजारच्या विमानतळावर रात्री अकरानंतर विमान उतरवायचं नाही, असा कायदा. पण उशीर झालेल्याला सूट द्यायची की नाही, हे सरकारने तुझ्या लेकाच्या हातात ठेवलंय, आणि हा बाबा कुणाला नाही म्हणत नाही. ओळी मीच जुळवून दिल्या. विमानकंपनीवाली फोनवर लाडात बोलली रे बोलली, की साहेब विरघळतात आणि अख्खं गाव जागं ठेवतात. लोक बिअर सांडेपर्यंत हसले. तो लालबुंद. म्हटलं, मावशीची एवढीशी थट्टा सोसवत नाही होय रे?

तुझा ओटमार मजेत आहे. माझ्या हातचं बटाट्याचं सूप खाऊन बायकोला विसरलाय. ये सावकाश.

लोभ आहेच, तो थोडा वाढव.
तुझी रोसविथाताई

२१ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

बाळ-बाळंतीण ठीक. डेटलेफ फोनवर रडला गं. त्याच्या ऑफिसातही कुणीतरी त्या ओळी भिंतीला चिकटवल्यात. आता देव आला तरी सूट नाही, म्हणतो. तुझी जीभ कधी आटोपणार?

ओटमारची छाती पुन्हा भरलीय आणि डॉक्टरांनी हात टेकले, असं तू काल फोनवर सांगितल्यापासून घास उतरत नाही. गुरुवारच्या शेवटच्या विमानात जागा मिळाली. तोवर त्याच्या उशाशी बस. मी पोचेपर्यंत त्याला जाऊ देऊ नकोस, एवढं कर.

माया असू दे.
तुझी इर्मगार्ड

५ नोव्हेंबर

चि. इर्मगार्ड हिस,
आशीर्वाद.

दफनाला येऊ दिलं नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

तुझ्या विमानाला उशीर झाला, पायलटने सूट मागितली, तेव्हा आत आई बसलीय हे डेटलेफला ठाऊक होतं. माझ्या दारात उभं राहून तोच म्हणाला, "आईसाठी हो म्हटलं असतं, तर पुढच्या जत्रेला तू काय लिहिलं असतंस, मावशी?" म्हणून तुला दुसऱ्या शहरात, कोलोनला नेऊन उतरवलं; तिथून रात्री गाडी नाही. गावाने त्याला फुलं पाठवली. नियम पाळला म्हणून.

इकडे ओटमार कान लावून पडला होता. छपरावरून विमान गेलं, की समजायचं माझी इर्मी आली, म्हणत होता. वर चिडीचूप. हीच शांतता मी एवढी वर्षं भांडून मागत होते. शेवटी मला बघवेना. स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरच्या कपबश्या खुळखुळवल्या, विमान जाताना वाजतात तशा. म्हटलं, उतरली बघ. त्याने माझ्याकडून केस विंचरून घेतले आणि दाराकडे बघत राहिला. विमानतळ किती जवळ, ते त्याला माहीतच होतं.

पहाटे म्हणाला, "उतरली, तरी आली नाही." एवढं बोलून गेला.

हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी.

लोभाचं तुझं तू बघ.
रोसविथा