पितळी बुचासह माझी सर्व मिळकत

मी, बंदरावरच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्याची मालकीण, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर तिरकं आलं आहे, पण त्याचा अर्थ कोणी म्हातारपण असा काढू नये. ते आनंदाने तिरकं आलं आहे. आज सकाळी, कित्येक वर्षं किनाऱ्यावर पडून असलेल्या माझ्या होडीचं इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. उद्या सकाळच्या भरतीला होडी पाण्यात जाणार आणि मी तिच्यात बसणार. लेक म्हणाली, "जी होडी एकदा बुडाली आहे तिच्यात बसायचंय ना, मग आधी मृत्युपत्र कर आणि खुशाल जा." म्हणून हा खटाटोप. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करायचा प्रश्न नाही.

कलम १. कारखान्यामागच्या दोन खोल्या, भांडीकुंडी, शिलाई मशीन आणि बँकेतली शिल्लक लेकीला द्यावी. स्वयंपाकघराची खिडकी जोर लावून ढकलू नये, जरा उचलून ढकलावी. तिशी उलटली तरी तिला हे जमलेलं नाही.

कलम २. कारखाना आणि सगळी हत्यारं माझ्या फिटरला. चौदा वर्षं तो माझ्या हाताखाली आहे आणि चौदा वर्षांत त्याने एकही पाना परत खिळ्याला अडकवलेला नाही. मालक झाला की आपोआप अडकवेल. शेजारीण, जी बंदरावर जाळी विणते, तिला मी मोठी बॅटरी देणार होते. पण वकीलबाईंनी बजावलं आहे की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. शेजारणीला म्हटलं, "सही कर नाहीतर बॅटरी घे." ती म्हणाली, "सही करते. तुझी भांडणं फुकटात वाचायला मिळतील."

कलम ३. बंदरावरच्या समस्त मंडळींना मी उत्तरं ठेवून जाते, कारण प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. इंजिन सुरू होत नसेल तर आधी टाकीत डिझेल आहे का ते बघा. हसू नका, दर महिन्याला एक तरी जण माझ्याकडे रिकामी टाकी घेऊन येतो. काळा धूर येत असेल तर हवेची जाळी साफ करा. निळा येत असेल तर ऑइल जळतंय. पांढरा थांबतच नसेल तर डिझेलमध्ये पाणी शिरलंय का ते पाहा. इंजिन तापत असेल तर मागून पाणी पडतंय का बघा, पडत नसेल तर गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकलेली असणार. होडीखालच्या पंख्याला दोरी गुंडाळली गेली तर इंजिन बंद केल्याशिवाय हात घालू नका. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा. एवढं केलंत तर माझी आठवण काढायची वेळ येणार नाही.

कलम ४. होडी माझ्या धाकट्या भावाला. हे कलम वाचून बंदर तोंडात बोट घालेल, कारण आम्ही एकोणीस वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. म्हणून कारण लिहिते.

होडी किनाऱ्यावर असते तेव्हा तळाचं बूच काढून ठेवतात, म्हणजे आत साचलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात लोटण्याआधी तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, मोठ्याने विचारतो, "बूच?" इंजिनवाल्याने "लागलं" म्हटल्याशिवाय कोणी होडीला हात लावत नाही. ही होडी आम्ही दोघांनी मिळून बांधली. तो तांडेल, मी इंजिनवाली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, कारखाना नुकताच माझ्या हातात आला होता. होडी लोटली आणि सगळ्या बंदरासमोर पाणी भरून ती धक्क्यापाशीच बुडाली. तळाला बूच नव्हतं. लोकांनी विचारलं, चूक कोणाची? मी ठासून सांगितलं की तांडेलाने विचारलंच नाही. भाऊ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "विसरलो." त्या दिवसापासून बंदर त्याला बुच्या म्हणतं. भर बाजारात मीही म्हटलं आहे.

आठ दिवसांपूर्वी तेल पुसायला चिंध्या हव्या होत्या म्हणून माझा जुना कोट फाडला. खिशाला भोक होतं आणि अस्तरात पितळी बूच होतं, ग्रीस लावलेलं. मग बुचाचं आठवलं. ग्रीस लावताना कोणीतरी हाक मारली, मी बूच खिशात टाकलं आणि इंजिनाकडे धावले. म्हणून होडी त्याची. ते बूचही त्याचंच. मला इंजिन कळतं, समुद्र कळत नाही. उद्या सुकाणूला तो नसेल तर मी होडी लोटणार नाही, दुसरा तांडेल बघणार नाही. त्याच्या दारात जायची मला हिंमत होत नाही, म्हणून हा कागद शेजारणीच्या हाती धाडते आहे.

पुढचं तासाभराने लिहीत आहे. भाऊ शेजारणीबरोबर कागद घेऊन इथे आला आहे आणि माझ्यासमोर ऑइलच्या डब्यावर बसला आहे. तो काय म्हणाला ते मृत्युपत्रात यायला हवं, मग वकीलबाई काहीही म्हणोत.

तो म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं. तू 'लागलं' म्हणालीस."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"बाईमाणूस मिस्त्री, त्यात बूच विसरली म्हटल्यावर तुझ्याकडे इंजिन कोणी दिलं असतं? तुझी पोर शाळेत होती. मला काय, तांडेल विसरला तर चार दिवस हसतात आणि पुन्हा होडीवर घेतात."

"मग एकोणीस वर्षं घरी का आला नाहीस?"

"बंदराने नाव ठेवलं ते चाललं. तू त्या नावाने हाक मारलीस, ते नाही चाललं."

मला रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी कारखान्यात बसून मी रडले आणि ते मी येथे नमूद करते. मी ज्या कारखान्याची मालकीण म्हणून वर मिरवते आहे, तो एकोणीस वर्षं माझ्या भावाच्या एका शब्दावर चालला.

मग त्याने विचारलं, "साक्षीदाराला काही मिळत नाही, हे खरं ना?" मी म्हटलं, खरं. तो म्हणाला, "मग आण ते पेन इकडे. मेल्यावर होडी देणारी तू कोण? द्यायची तर जिवंतपणी दे. उद्या सकाळी, पाण्यात." शेजारीण म्हणाली, "अरे, फुकट होडी सोडतोस?" तो म्हणाला, "फुकट कसली, एकोणीस वर्षं मोजलीत."

सबब, साक्षीदाराच्या सहीमुळे कलम ४ निकामी होत आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे आणि मला त्याचा अतोनात आनंद आहे. बाकीची कलमं कायम. घाई कोणी करू नये.

वरील मजकूर मी वाचला, समजला, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ: कारखान्यातलं कामाचं टेबल
दिनांक: ७ फेब्रुवारी, दुपारी साडेचार

लिहून देणारी: इंजिन मिस्त्रीण (सही)

साक्षीदार पहिली: जाळी विणणारी शेजारीण (सही, सगळं वाचलं, बॅटरीचं दुःख नाही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा भाऊ, तिच्या होडीचा तांडेल (सही, विचारल्याशिवाय होडी लोटत नाही, तेव्हाही लोटली नव्हती)