आईच्या कपाटातला ऑगस्ट

ट्युबिंगन,
९ फेब्रुवारी

प्रिय बुर्गल हीस,
उलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन बाबांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर आहे आणि बाबांचे कान त्यांच्या बरगड्यांपेक्षा कितीतरी शाबूत आहेत, तेव्हा हा विषय पत्रानेच चालवावा हे तुझं म्हणणं मान्य. टपालखात्यालाही आपल्यासारखी जुनी गिऱ्हाइकं हवीच असतात.

तर मला समजलं ते असं. नागीण बरी होऊन दीड वर्ष झालं, पण उजव्या बरगडीखालची आग काही गेली नाही. अंगाला सदरा लागला तरी बाबा दचकतात. मोठ्या गोळ्यांनी आग शमली, पण त्या गोळ्यांच्या गुंगीत त्यांनी तुला दोनदा आईच्या नावाने, ऑटिली म्हणून, हाक मारली. आई जाऊन सहा वर्षं झाली हे त्यांना नंतर आठवलं, आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद. मग डॉक्टरीण बाई हुंगर यांनी गांजाची फुलं लिहून दिली. तू डबी आणलीस. बाबांनी त्यातलं एक फूल तळहातांत चुरडलं, त्यात नाक खुपसलं आणि निकाल दिला की हे परदेशातून आलेलं, घाईने भट्टीत वाळवलेलं गवत आहे. ज्याने जन्मभर बिअरला लागणारी हॉपची फुलं वाळवली त्याने असलं काही घ्यायचं म्हणजे चर्चच्या पेरिशमधून नाव काढून घ्यावं. आता आपल्याकडच्या नव्या कायद्याने घरात गांजाची तीन झाडं लावता येतात, तर ती लावू. आपल्या हातची असतील तर घेऊ, नाहीतर दुखू दे.

हा शुद्ध हट्ट आहे. पण खरं सांगू का, वाचून मला बरं वाटलं. आई गेल्यापासून बाबांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दिवा, पंखा, वास गाळणारा कोळशाचा नळा आणि दिवा आपोआप लावणारं-मालवणारं घड्याळ असं सगळं पार्सलने धाडतो. जागा म्हणून आईचं चादरींचं कपाट सुचवतो. कुलूप लागतं आणि जिन्यापासून लांब आहे. बाबांना हेही सांग की या झाडाला संस्कृतात ‘विजया’ म्हणतात. माझ्या विद्येचा घराला झालेला हा पहिला उपयोग असल्यामुळे त्याची नोंद व्हावी.

लोभ पूर्वी होता तेवढा ठेवलास तरी पुरे. वाढलाच तर माझी हरकत नाही.
तुझा
उली


वोलेनबाख,
१२ मार्च

चि. उलीस,
अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटली तरी तू चिरंजीवच, त्याला माझा इलाज नाही.

पार्सल आलं. ‘विजया’ बाबांना सांगितलं. गाईला चांगलं नाव आहे म्हणाले. आणि विचारलं की उलीच्या वर्गात यंदा किती पोरं आहेत. मी दोन म्हणाले. त्यावर, त्यातला एक ऊब मिळते म्हणून येत असेल, असं त्यांचं मत पडलं.

आईचं कपाट रिकामं करताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. खळ घातलेले टेबलक्लॉथ, त्यांच्या घड्यांत लव्हेंडरच्या पुरचुंड्या. मी सगळं ट्रंकेत भरलं. ज्या दांडीवर तिचा रविवारचा हिरवा पोशाख टांगलेला असायचा, तिथे आता तुझा दिवा टांगला आहे. आतून पांढरा कागद डकवला. मागच्या फळीला भोक पाडायला श्टांग्लमायर आला. आपले हॉपचे मळे घेतल्यापासून तो आपल्या घरात पाय ठेवताना टोपी काढतो, जणू कुणी गेलंय. बाबा पलंगावरून ओरडून त्याला सांगत होते की भोक वर पाड, गरम हवा वर जाते, एवढं तरी तुझ्या बापाने शिकवलं असेल. तो करवत चालवत होता. जाताना हळूच म्हणाला की म्हाताऱ्याचा आवाज ऐकून बरं वाटलं.

बिया रुजल्या आहेत. डॉक्टरीण बाईंनी बजावलंय की फुलं तयार झाल्यावर आधी त्यांना दाखवायची आणि किती घ्यायचं ते त्या ठरवतील. बाबांनी होकार दिला, कारण बाईंचा आजा हॉपची गाडी हाकायचा.

माझं मागणं एवढंच आहे, उली. गेल्या नोव्हेंबरात सर्वसंतांच्या दिवशी सगळं गाव दिवे लावायला कबरस्तानात होतं आणि बाबा घरी होते, कारण अंगावर कोट सोसेना. आईच्या कबरीवरचा दिवा मी एकटीने लावला. परत आले तर उघड्या अंगाने भिंतीकडे तोंड करून पडले होते. यंदाच्या नोव्हेंबरात त्यांनी कोट घालून माझ्याबरोबर यावं. तुझ्या विजयेने एवढं केलं की मी तिला बाई म्हणेन.

जेवतोस ना नीट? लोभ आहेच, तो पुन्हा पुन्हा मागत जाऊ नये.
बुर्गल


ट्युबिंगन,
१८ मे

प्रिय बुर्गल हीस,
सा. न. वि. वि.

झाडं कमरेएवढी झाली हे वाचून आनंद झाला. आता त्यांना फुलवायचं. पद्धत तुला ठाऊकच आहे, फक्त मळ्यात ती पंचांग सांभाळायचं आणि आता घड्याळ सांभाळेल: दिवस आखडले की झाड समजतं की उन्हाळा संपत आला, आता फुललं पाहिजे. माडी दुपारी तापते, म्हणून उलटं कर. रात्रभर दिवा चालू आणि दिवसभर कपाटात अंधार. तो अंधार मात्र अखंड हवा. मधेच उजेड शिरला की झाडाला वाटतं अजून खूप उन्हाळा बाकी आहे, आणि ते पानंच काढत बसतं. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींचं असंच झालं आहे.

हे लिहिताना मला आपला ऑगस्ट आठवत होता. वाळवणीच्या मनोऱ्यात आपण वरच्या मजल्यावर गोण्यांवर झोपायचो आणि खालून ती उबदार, कडवट हवा यायची. आई सकाळी वर यायची, पण आपल्याला उठवत नसे. म्हणायची हॉपने झोपवलेल्याला हॉपनेच उठवावं. बोटं पिवळी, पावाला कडू चव, आणि बाबा दर तासाला मूठभर फुलं उचलून चुरडणार, हुंगणार, मान हलवणार. मला वाटायचं ते प्रार्थना करतात. आता त्या मनोऱ्यात सुट्टीची घरं झाली. हॅम्बुर्गचे पाहुणे आपल्या झोपायच्या जागी दात घासत असतील.

गांजा आणि हॉप ही एकाच कुळातली भावंडं. एक घरंदाज, एक बदनाम. आपल्यातलं कोण कोणतं, ते तू ठरव.

बाबांना सा. न. आणि तुला लोभाची जुनीच विनंती, नव्या शाईत.
उली


वोलेनबाख,
२५ जून

चि. उलीस,
अनेक आशीर्वाद.

तीनपैकी एक नर निघाला. मी बाबांना हाताला धरून कपाटापाशी नेलं, त्यांनी कांड्यावरच्या गाठी पाहिल्या आणि झाड मुळासकट उपटलं. आपल्या भागात नर हॉप दिसला की फुलांत बी धरण्याआधी उपटायचा, हे त्यांच्या हातात आहे. डोक्याला विचारावं लागत नाही. परत पलंगावर जाताना धापा टाकत होते, पण चेहरा बघायला हवा होतास.

आता वाईट बातमी. उरलेल्या दोन्ही माद्या फुलतच नाहीत. नुसती पानं, झुडूप झालंय. पाच आठवडे तुझ्या सांगण्याप्रमाणे चाललंय.

मी बाबांना म्हटलं की उलीच्या पोथ्यांत काही चुकलं असेल. तेव्हा त्यांनी मला चर्चच्या वळणावरच्या दिव्याची गोष्ट सांगितली. पालिकेने तिथे नवा दिवा बसवला त्या वर्षी आपल्या मळ्याची त्या बाजूची पहिली रांग हिरवीगार राहिली आणि फूल धरेना. आजोबांना वाटलं कुणी दृष्ट लावली. बाबांनी दिव्याच्या त्या अंगाला पत्रा ठोकला आणि पुढच्या वर्षी रांग फुलली. तर वाल्बुर्गा, असं माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, कुठूनतरी उजेड शिरतोय.

मग माझ्या लक्षात आलं. उली, तू हसू नकोस. रोज सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाण्याआधी मी खिडक्या सताड उघडते आणि दहा मिनिटं कपाटाचं दारही उघडं टाकते. बंद कपाटाला कुबट वास लागतो, हवा खेळली पाहिजे, हे आईने मला चालता येण्याआधी शिकवलं. हात आपोआप जातो. थंडीत आपण गारठून जायचो आणि ती म्हणायची ताजी हवा कुणाला मारत नाही.

आता दार उघडत नाही. मनाला फार जड जातं. पण बाबांचं दुखणं वाढलंय. काल पांघरूणही नको म्हणाले. नोव्हेंबर काही थांबायचा नाही. तू जुलैत येतोस का?

वाट पाहते. लोभ आणि कपडे दोन्ही घेऊन ये, इथे रात्री गारवा असतो.
बुर्गल


ट्युबिंगन,
२१ जुलै

प्रिय बुर्गल हीस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस तुझ्या हातचे डंपलिंग खाऊन परत आलो आणि इथे येऊन हे लिहितो, कारण तिथे जेवणाच्या टेबलावर बाबांसमोर बोलता येत नव्हतं.

मी आलो तो दिवस आठव. मी संध्याकाळच्या गाडीने येणार होतो, पण दुपारीच पोचलो. तू कामावर होतीस. माडीवर गेलो तर बाबांचा पलंग रिकामा. आईच्या कपाटाचं दार उघडं, समोर तिचं शिवणाचं स्टूल आणि त्यावर बाबा, उघड्या अंगाने. खिडकीतून ऊन सरळ झाडांवर पडलेलं. एक पान बोटांत चुरडून नाकाशी धरलं होतं आणि डोळे मिटलेले.

म्हणजे तुझ्या दहा मिनिटांवर सगळा दोष टाकू नकोस. तू गेलीस की ते रोज दुपारी उठतात. ज्यांना आपण न्हाणीघरापर्यंत हात धरून नेतो, ते.

मी काही विचारण्याआधीच म्हणाले की हळू चढायला शिक, जिना आवाज करतो. मी म्हटलं, बाबा, दिव्याची गोष्ट तुम्हीच बुर्गलला सांगितलीत. तर म्हणाले, सांगितली ना, तिच्या उजेडापुरती. मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो. मग म्हणाले, या घरात आता फक्त याच कपाटात ऑगस्टचा वास आहे. फुललं की कापावं लागेल. कापलं की कपाट पुसायचं आणि वाल्बुर्गा त्यात चादरी ठेवेल. मळे श्टांग्लमायरकडे गेले त्या वर्षी शेवटची कापणी आहे हे कळून कापली होती, उली. तशी पुन्हा नाही कापायची मला. त्यापेक्षा दुखू दे.

मला सहाही दर्शनं पाठ आहेत, बुर्गल. मी त्यांच्या हातातलं पान घेतलं आणि चुरडून हुंगलं, एवढंच.

आता इथे येऊन सुचतंय ते असं. हॉपची बी कधी पेरली आपण? जुन्या मुळाची कांडी कापून नवी लावायचो. या झाडाचीही फांदी लावता येते. कापणीआधीच खालची एक फांदी रुजवली तर तेच झाड पुढे चालू राहतं. आणि नर उपटल्यामुळे कायद्याची तिसरी जागा रिकामीच आहे. हे तू माझं म्हणून सांगू नकोस. फक्त त्यांच्यासमोर रिकामी कुंडी ठेव आणि कामाला जा.

लोभाबद्दल या वेळी काही लिहीत नाही. तो तुझ्याकडे पुरेसा आहे हे जेवताना पाहिलं.
उली


वोलेनबाख,
३ नोव्हेंबर

चि. उलीस,
अनेक आशीर्वाद.

कुंडी ठेवून गेले होते. परत आले तर तिच्यात फांदी होती, वर काचेची बरणी उपडी घातलेली, आणि बाबा माझ्यावर चिडलेले की घरात एकही धारदार सुरी नाही. ती कुंडी त्यांच्या खोलीत पलंगाशेजारी आहे, डोक्यावर दिवा. फांदीला मूळ फुटल्याचं दिसलं त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने आईच्या कपाटाला कुलूप घातलं. दुपारी आता ते त्या फांदीशी बसतात.

मग कपाट फुललं, रे. गाळणीचा नळा असूनसुद्धा वास जिन्यापर्यंत आला. श्टांग्लमायर त्याच्या कापणीतून वेळ काढून आला आणि दारातच थांबला. बाबांनी त्याला म्हटलं की टोपी घाल, इथे कुणी मेलेलं नाही.

दोन्ही झाडं कापली, पोटमाळ्यावर दोरीला उलटी टांगली, आच न लावता. रोज वर जायचे, एकेक पायरी, एक फूल चुरडायचे आणि अजून नाही म्हणून खाली यायचे. एके दिवशी मान हलवली, तशीच, तुला आठवते तशी. डॉक्टरीण बाईंनी वाफेचं यंत्र दिलंय, अगदी थोडं घ्यायचं. आग गेलेली नाही. बाबा म्हणतात ती आता शेजारच्या खोलीत बसते. पण झोप लागते. पहिल्या सकाळी उशाशी कॉफी ठेवून मी खाली उतरत होते, त्यांनी हाक मारली तेव्हा जिन्यातच थांबले, काय नाव घेतात म्हणून. वाल्बुर्गा, कॉफी पाणचट आहे, असं म्हणाले. खाली येऊन मी दुसरी कॉफी टाकली, चांगली कडक.

परवा सर्वसंतांचा दिवस झाला. सदरा, जाकीट, वरून काळा कोट. कबरस्तानाच्या फाटकापाशी त्यांनी माझा हात सोडला. आईचा दिवा त्यांनी लावला. मग कोटाच्या खिशातून एक वाळलेलं फूल काढलं, दोन्ही तळहातांत चुरडलं आणि ओंजळ उघडून तिच्या दगडावर धरली, जशी कापणीच्या पहिल्या दिवशी तिच्या नाकासमोर धरायचे. ती काय म्हणायची, आठवतं? काहीच नाही. नाक मुरडून हसायची. बाबा तेवढा वेळ थांबले आणि मग निघाले.

तुझ्या विजयेला मी आता बाई म्हणते. लोभ आहे तसाच आहे, आणि खाली थोडी जागा सोडली आहे, कारण मागून कुणीतरी पेन मागतंय.
बुर्गल

उली, फांदी आता गुडघ्याएवढी आहे. ती कपाटात जाण्याआधी तिचीही एक लावून ठेवेन. नाताळाला येताना कुंडी आण, ही लहान पडते. सुरी पण आण.
बाबा